वाचवण्याजोगं घर

एप्रिल लागला की ओतिलिया गावोगाव दारं ठोठावत फिरायची, आणि लोक तिला लांबून पाहूनच मागच्या दारानं मळ्यात सटकायचे. एरवी ती सगळ्यांच्या आवडीची बाई. एर्मिदा गावच्या वृद्धाश्रमात स्वयंपाकीण होती. त्या डोंगरातल्या निम्म्या घरांतले म्हातारे तिच्या हातचं कोबीचं सूप पिऊन शेवटचे दिवस काढत होते. पण एर्मिदाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातही ती वीसेक वर्षं होती, एका बंबाची प्रमुख होती, आणि वसंतात हे नकोसं काम तिच्याच गळ्यात पडायचं. ठाण्यातला एखादा शिपाई बरोबर घ्यायचा आणि घरोघर जाऊन कायदा सांगायचा. घराभोवती पन्नास मीटर रान साफ हवं. झाडांचे शेंडे एकमेकांना लागता कामा नयेत. छपरावर फांदी नको, भिंतीला लाकडांची रास नको. महिनाअखेरपर्यंत करा, नाहीतर मग शिपाई एकटा येईल आणि दंड करून जाईल.

लोक ऐकून घ्यायचे आणि टोमणे मारायचे. एका म्हाताऱ्यानं तर आपली पांढरी दाढी पुढं करून विचारलं होतं, "हीपण वाळलीय. कापू का?"

ओतिलिया हसायची, पण जाताना प्रत्येक दारात एक वाक्य ठेवून जायची. म्हणायची, वणवा आला की आमच्याकडे घरं खूप असतात आणि बंब एक. ज्या घराभोवती उभं राहायला जागा असते तिथं आम्ही थांबतो. जिथं नसते तिथून पुढं जातो. मला तुमच्या दारावरून पुढं जायला लावू नका.

हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थनेसारखं ते आपोआप तोंडातून निघायचं.

फोंतेला गावी पोहोचली की मात्र तिची जीभ जड व्हायची. फोंतेला तिचं माहेर. वरच्या अंगाला, बोळाच्या टोकाशी, तिची आई देओलिंदा एकटी राहायची. दगडी घर, लाकडी आढ्याचं छप्पर. ते आढं ओतिलियाच्या वडिलांनी फ्रान्समधल्या बांधकामांवर हाडं झिजवून आणलेल्या पैशांतून चढवलं होतं. देओलिंदाचं अंगण ताटासारखं लख्ख. पण परसाची भिंत संपली की लगेच निलगिरीचं रान सुरू व्हायचं. उंच, दाट, सालीच्या लांब चिंध्या लोंबणारी झाडं, आणि त्यांच्या पायाशी छातीएवढी काटेरी झुडपं. वाऱ्यावर त्यांची पानं स्वयंपाकघराच्या छपरावर पडायची. तेलकट, कडक, काडी लावायचाच अवकाश.

कायदा स्वच्छ होता. घराला लागून ज्याची जमीन, त्यानं ती साफ ठेवायची. आणि ही जमीन कुणाची हे फोंतेलातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं: आबिलियो क्वारेज्माची. झाडं तोच लावायचा, तोच कापायचा, कागदाच्या कारखान्याला तोच विकायचा. फक्त सरकारदरबारी ती अजून त्याच्या आत्याच्या नावावर होती. ती आत्या वारल्यानंतर ओतिलियाचं लग्न होऊन मोडण्याइतका काळ लोटला होता. वारस कुठं कुठं ब्राझीलमध्ये पसरलेले, वाटणी कुणी केली नव्हती, कारण न करण्यातच आबिलियोचं भलं होतं. दर वसंतात नगरपालिका त्या मेलेल्या बाईला नोटीस धाडायची. पोस्टमन ती आणून फोंतेलाच्या चौकात सगळ्यांना दाखवायचा, लोक पोट धरून हसायचे, आणि नोटीस परत जायची.

हसत नव्हती ती देओलिंदा. ती म्हणायची, "ही झाडं म्हणजे माझे जावई. मी मागितले नाहीत, पोसत नाही, आणि दारातून हाकलताही येत नाहीत."

आबिलियो माणूस वाईट होता असं कुणी म्हटलं नसतं. पिकल्या केसांचा, गोड बोलणारा, कुणाच्याही मयताला सगळ्यांत आधी हजर. देओलिंदाच्या गुडघ्याचं दुखणं दाखवायला त्यानं तिला आपल्या गाडीतून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. आणि एर्मिदाचं अग्निशमन दल चालवणाऱ्या संस्थेचा तो अध्यक्ष होता. सरकारकडून यायचं त्यात दलाचं डिझेलही भागायचं नाही. बाकीचं आबिलियो कुणाला गाठून, कुणाला जेवायला घालून, मिळवून आणायचा. ओतिलियाच्या अंगावरचं आगीचं जाकीटसुद्धा त्याच्याच खटपटीतून आलेलं.

त्या वसंतात ओतिलियानं शिपायाला गाडीत बसवून ठेवलं आणि एकटीच आबिलियोच्या फाटकाशी गेली. त्याचं घर बोळाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. प्रशस्त, पांढरं, चहूबाजूंनी कापलेलं गवत, दगडी कुंपण, मागं पोहण्याचा तलाव. तालुक्यातल्या कुणालाही नमुना म्हणून दाखवावं असं. तो लिंबाच्या झाडाची छाटणी करत होता.

तिनं जे सांगायचं ते सांगितलं. त्यानं कात्री खाली ठेवून, मान हलवत ऐकलं.

"तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पोरी," तो म्हणाला. "पण जमीन माझी असती तर ना."

"गेल्या खेपेला लाकूड कुणी विकलं, सिन्योर आबिलियो?"

तो मनापासून हसला. "आत्यानं. स्वर्गातून."

मग तो गंभीर झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की झुडपं काढायची तर खुशाल काढा, मी पाहिलंच नाही असं समजेन. झाडांना मात्र हात लावू नका. दोनेक वर्षांत ती कापायला येतात. मग सगळंच मोकळं होईल, देओलिंदाला स्वयंपाकघरातून नदी दिसेल.

ओतिलिया तिथून सरळ दलाचा कमांडर फिर्मिनो याच्याकडे गेली. तो भला आणि थकलेला माणूस. त्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, कायद्यानं नगरपालिका स्वतः माणसं लावून ते रान साफ करू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. मी विचारलंय. तर ते म्हणतात, मालक कोण ते दाखवा. "आणि तू काय, मी काय, आपण ज्याच्या नळ्या धरतो त्याच्याच नावानं अर्ज करायचा का? तो गेला तर उद्या बंबाला टायर कोण घालणार, ओतिलिया?" टायरांची हालत तिला ठाऊक होती.

मे महिन्यातले रविवार तिनं आणि आईनं त्या रानात काढले. देओलिंदा सत्तरी ओलांडलेली, पण कोयता धरला की वय विसरायची. झेफेरिनो, ओतिलियाच्या बंबाचा ड्रायव्हर, आपलं गवत कापायचं यंत्र घेऊन आला. तिघांनी झुडपं काढली, सालीच्या चिंध्या गोळा करून नाल्याकाठी नेऊन टाकल्या. झेफेरिनो एकदा भिंतीवर झुकलेल्या झाडापाशी करवत घेऊन उभा राहिला आणि त्यानं ओतिलियाकडे पाहिलं. तिनं मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्याच्या झाडाला हात लावणं हा गुन्हा होता, आणि दारोदार कायदा सांगत फिरणाऱ्या बाईला तो करून चालणार नव्हतं. जूनमध्ये पाऊस झाला आणि झुडपं पुन्हा गुडघ्यापर्यंत आली.

ऑगस्टच्या मध्यावर वणवा आला. फ्रान्स-स्वित्झर्लंडहून सुट्टीला आलेल्या माणसांनी गावं भरलेली, अंगणात मासे भाजायला सुद्धा बंदी, आणि पूर्वेचा कोरडा वारा ओठ फोडत होता. आग डोंगरापलीकडे कुठं लागली, कशी लागली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी धूर दिसला आणि थोड्याच वेळात ती कडा ओलांडून अलीकडे आली. दलाचे बाकीचे बंब नदीपलीकडच्या मोठ्या गावी अडकले होते. विमानं दुसऱ्याच जिल्ह्यात. वायरलेसवर फिर्मिनोनं ओतिलियाला फोंतेलाला जायला सांगितलं. एकाच बंबानं. जमेल ते करा, म्हणाला, आणि माणसं घेऊन परत या.

फोंतेलातले लोक निघून गेले होते. शिपायांनी म्हाताऱ्यांना गाड्यांत घालून समोरच्या उतारावरच्या देवळाच्या पटांगणात नेलं होतं. आई तिथं आहे, असं कुणीतरी ओतिलियाला रस्त्यातच सांगितलं, आणि तिच्या छातीवरचा एक दगड उतरला. राहिली होती ती फक्त घरं. पण आज सांगताना "फक्त" म्हणता येतं, तेव्हा तसं वाटत नव्हतं.

आबिलियोच्या फाटकापाशी झेफेरिनोनं बंब थांबवला. उजवीकडे फाटक. डावीकडे बोळ, चढत देओलिंदाच्या घराकडे गेलेला. बंब जेमतेम शिरेल एवढा, दोन्हीकडून झाडांनी झाकलेला, आणि टोकाशी वळायला जागा नाही. वरच्या कड्यावरून निलगिरीत घुसलेल्या आगीचा आवाज येत होता. मालगाडी पुलावरून जावी तसा. बंबात मागं तिघं बसले होते, तिघंही पोराबाळांचे बाप.

झेफेरिनोनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "तू सांगशील तसं. वर जायचं म्हणालीस तर कुणी तोंडातून शब्द काढणार नाही."

पुढं कित्येक महिने ओतिलिया तो क्षण उलटूनपालटून पाहत राहिली. त्या वेळी मात्र तिनं फार विचार केला नाही. तिला बोळ दिसला, झाडं दिसली, मागचे तिघं दिसले. वर गेलो तर परत येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि समोर कापलेलं गवत होतं, दगडी कुंपण होतं, पाण्यानं भरलेला तलाव होता. इतकी वर्षं ती लोकांना जसं घर असावं म्हणून सांगत आली होती, तसं घर.

"नळ्या इथंच उतरवा," ती म्हणाली. "पंप तलावात सोडा."

त्यांनी आबिलियोचं घर वाचवलं. ठिणग्यांचा पाऊस पडत होता. दोघं छपरावर, दोघं कुंपणाशी. आग रान उतरून खाली आली, कापलेल्या गवताच्या कडेशी येऊन घुटमळली, तिला खायला काही मिळेना, आणि ओतिलियाच्या पाण्यापुढं ती बाजूनं निघून गेली. प्रशिक्षणाच्या पुस्तकात असतं तसंच झालं. मधे एकदा, नळीचा जोड घट्ट करायला ती वळली तेव्हा बोळाच्या टोकाशी भिंतीमागची झाडं एकदम, मशाली पेटाव्यात तशी पेटली. मग आढं कोसळल्याचा आवाज आला. ती जोड आवळत राहिली. तो गळत होता.

संध्याकाळी वारा पडला. आबिलियोच्या व्हरांड्यातल्या जांभळ्या वेलीची फुलंसुद्धा होरपळली नव्हती. ओतिलिया बोळ चढून वर गेली. चार भिंती उभ्या होत्या आणि आत आकाश होतं. खुराड्यात कोंबड्या होत्या, पण त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही.

आबिलियो समुद्राकाठी मुलीकडे गेला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सगळ्यांसमोर त्यानं ओतिलियाला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. मग त्याला बोळाच्या टोकाचं घर दिसलं. तो म्हणाला की देओलिंदा मावशीला मी उघड्यावर राहू देणार नाही. त्याच्या घराच्या मागच्या अंगाला, तलावापाशी, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. आजपासून त्या तिच्या, म्हणाला. भाडं नाही, काही नाही.

ओतिलियानं आईला एर्मिदाला आपल्या घरी चल म्हटलं. देओलिंदानं ऐकलं नाही. तिला फोंतेला सोडायचं नव्हतं. नवरा इथल्या दफनभूमीत होता, ऑलिव्हची जळकी झाडं इथं होती, त्यांना पुन्हा फूट येईल म्हणत होती. आणि फोंतेलात छप्पर असलेली रिकामी जागा एकच होती. आठवड्याभरात ती आबिलियोच्या खोल्यांत राहायला गेली. तिथून ती चौकातल्या बायकांना सांगू लागली की बाई, माणूस देवासारखा आहे, न्हाणीघरात गरम पाणी आहे.

चौकशी झाली. शहरातून दोन अधिकारी आले, शांत आणि सभ्य. त्यांनी ओतिलियाला विचारलं की निर्णय कोणत्या आधारावर घेतला. तिनं सांगितलं: जागा, पाणी, बाहेर पडायची वाट. त्यांनी मान डोलावली. वरच्या घराशी तुमचं काही नातं होतं का, असं एकानं विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईचं घर. तेव्हा त्यानं लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

फिर्मिनोनं तिला आधीच विनवलं होतं की रानाचा विषय काढू नकोस. तिनं काढला. झाडं कुणी लावली, कुणी विकली, रान कुणी साफ केलं नाही, सगळं नावानिशी सांगितलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की जमिनीच्या मालकीचा प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही. आम्हाला फक्त दलानं काम कसं केलं ते पाहायचं आहे. आणि दलानं काम उत्तम केलं होतं. उलट असा कठोर निर्णय घेतल्याबद्दल त्यांनी ओतिलियाची तारीफ केली. ती तारीफ घेऊन ती बाहेर आली आणि वृद्धाश्रमात जाऊन रात्रीच्या सुपाचा कोबी चिरायला बसली.

गावात बातमी फुटलीच. बोलली कोण, तर ओतिलिया. चौकातल्या बायका म्हणू लागल्या, ज्यानं आईला आसरा दिला त्याच्यावरच उलटली. आबिलियो मात्र तिला भेटला की पूर्वीसारखाच हसायचा. तेच तिला जास्त झोंबायचं.

नोव्हेंबरात, तिकडे चेस्टनट भाजून नवी दारू चाखतात त्या सणाला, दलातली मंडळी एर्मिदाच्या कॅफेत बसली होती. झेफेरिनोला जरा जास्त झाली होती. तो मवाळ माणूस, कुणाला दुखवायचं त्याच्या मनात नसायचं. चेस्टनटचं साल सोलता सोलता तो म्हणाला, "मी काल तो बोळ चालून आलो. उगाच. मनात होतं म्हणून."

"मग?" ओतिलियानं विचारलं.

"वेळ होता, ओतिलिया. थोडा होता. पण होता."

तो लगेच ओशाळला, म्हणाला मी पितोय, माझं ऐकू नकोस, बंब उलटा घालून मागं मागं चढवावा लागला असता, कोण जाणे. पण शब्द पडला तो पडला. त्या रात्रीपासून ती झोपेत बंब मागं मागं चढवू लागली. कधी पोहोचायची, कधी नाही. पोहोचली तरी नळीत पाणी नसायचं.

वसंतात दलाला नवा बंब आला. आबिलियोनं मिळवून आणला होता; त्या उन्हाळ्यानंतर पैसे द्यायला लोक तयार होते आणि त्याला मागायची कला होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे नव्या बंबाचं बारसं होतं. पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडतो, आणि लेकराला असतात तसे बंबालाही धर्मपिता आणि धर्ममाता असतात. धर्मपिता आबिलियो होणार हे ठरल्यासारखंच होतं. धर्ममाता कोण, तर आबिलियोनं सुचवलं देओलिंदा. वणव्यात सगळं गेलेली, बंबप्रमुखाची आई. यापेक्षा शोभणारं कोण?

ओतिलियाला वाटलं आई नाही म्हणेल. देओलिंदानं आबिलियोच्या बायकोचा उसना कोट घातला, केस बांधले आणि आली.

दलाच्या पटांगणात बँड वाजत होता. ओतिलिया गणवेशात, रांगेत उभी होती. पाद्रीनं पाणी शिंपडलं. नगराध्यक्ष बोलले, फिर्मिनो खाली पाहत बोलला. आबिलियोनं भाषणात सांगितलं की माझं घर आज उभं आहे ते एका शूर लेकीमुळे, आणि त्या लेकीची आई आज माझ्या घरची झाली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग देओलिंदाच्या हातात फेसाळ वाइनची बाटली दिली. तिनं ती बंबाच्या टपावर ओतली, जपून, सांडू न देता, पातेल्यात दूध ओतावं तशी. पुन्हा टाळ्या झाल्या. ओतिलियानंही वाजवल्या. गणवेशात होती.

जेवणं झाल्यावर ती आईला घेऊन फोंतेलाला निघाली. रस्ता जळक्या डोंगरातून जात होता. काळे बुंधे उभे होते, आणि प्रत्येकाच्या पायाशी निळसर, तकतकीत फुटवा आला होता. निलगिरीला मरण नसतं. उलट आता एका झाडाची पाच झाडं होणार होती. देओलिंदाच्या ऑलिव्हना अजून डोळा फुटला नव्हता.

दोन वळणं गेली. शेवटी ओतिलिया म्हणाली, "तू का गेलीस, आई? त्याच्याशेजारी उभी राहायला?"

"उभी राहिले म्हणून काय झालं? मी त्याच्या छपराखाली झोपते, ओती. झोपताना लाज वाटत नाही तर उभं राहताना का वाटावी?"

"त्याच्यामुळे तुझं घर गेलं. तुला ठाऊक आहे."

"मला सगळं ठाऊक आहे. मी म्हातारी आहे, खुळी नाही." देओलिंदानं उसन्या कोटाची बटणं काढायला सुरुवात केली, तिला उकडत होतं. "तुला कुणीतरी कबूल करायला हवंय की चूक झाली. मला गरम पाणी हवंय. माझ्या वयाची झालीस की तुलाही तेच हवं असेल."

आणखी एक वळण गेलं. मग देओलिंदा खिडकीबाहेर पाहत बोलू लागली. त्या दिवशी ती देवळाच्या पटांगणात होती. तिथून सगळं फोंतेला तळहातासारखं दिसतं. बंब येताना तिनं पाहिला. थांबला तेही पाहिलं. "मी शेजारच्या बायकांना म्हटलं, माझी ओती आली, आता वर जाईल. बंब उभाच. बराच वेळ उभा. मग तुम्ही नळ्या उतरवल्या." ती थांबली. "मग मी त्यांना म्हटलं, बघा, पाणी कसं सरळ धरते."

ओतिलियानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. समोरच्या काचेतून पाहत तिनं, इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. आईनं आपल्याला माफ केलं आहे का?

देओलिंदानं नीट विचार केला. उडवाउडवीचं उत्तर द्यायची तिची रीत नव्हती.

"माफ करायला तू चूक कुठं केलीस?" ती म्हणाली. "मी रोज शोधते. सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, पोरी. चार दिवस रडून माफ केलं असतं आणि मोकळी झाले असते. बरोबर वागलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

ओतिलियानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

आबिलियो त्यांच्या आधीच पोहोचला होता. बाह्या सरसावून तो लिंबाला पाणी घालत होता. गाडी पाहून त्यानं नळ बंद केला, फाटक उघडलं आणि देओलिंदाला उतरायला हात दिला. तिनं तो घेतला. कोट त्याच्याकडे देत म्हणाली, बाईंना सांग, जपून वापरला, डाग पडू दिला नाही. मग गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, ती आपल्या दोन खोल्यांकडे चालू लागली.

आबिलियो गाडीच्या खिडकीशी वाकला. "थकली असशील, पोरी. आत ये, कॉफी घे."

ओतिलियाला पुष्कळ बोलता आलं असतं. तिनं आईकडे पाहिलं. देओलिंदा दाराशी पोहोचली होती आणि किल्ली कुलपात घालून, मागं न वळता, थांबली होती. ऐकत होती.

"नको, सिन्योर आबिलियो," ओतिलिया म्हणाली. "आभारी आहे."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. आत दिवा लागला, आणि ओतिलियानं गाडी वळवली. वळायला तिथं भरपूर जागा होती.